नसलेल्या बोक्याचा कान

"ग्रंथालयाच्या आवारात बोका नाही आणि त्यास कोणीही खाऊ घालत नाही," असे ग्रंथपालांनी सहीनिशी फलकावर जाहीर केले. जो नाही, त्याच्या जेवणाची ग्वाही कशाला, हा तर्कशास्त्राचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. कारण या नसलेल्या बोक्याचा कान चिघळला होता. पशुवैद्यांनी बजावले होते की, हा रानटी जीव हाती लागणार नाही. उपाशी असला तरच पिंजऱ्यात शिरेल, आणि उपचार लांबले तर कान जाईल. म्हणून आम्ही वाचकांनी पिंजऱ्यात मासळी ठेवली. तो पिवळा बोका आला, त्याने मासळी हुंगली आणि रुसलेल्या जावयासारखी पाठ फिरवली. पोट तुडुंब होते.

तेवढ्यात रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजींनी ग्रंथपालांच्या कोटावरचा एक पिवळा केस चिमटीत धरला.

"अहो साहेब, हा कुणाचा? तुमच्या डोक्यावर तर औषधालाही केस नाही!"

"वाऱ्याने आला असेल."

"आणि खिशातल्या डब्याला मासळीचा वास? तोही वाऱ्याने? अहो, तुमच्या लाडापायी त्याचा कान जाईल!"

ग्रंथपालांनी खिडकीतून त्या कानाकडे पाहिले. मग ते उत्तरले, ते शब्दशः असे: "मी खाऊ घालत नव्हतो, आजी, तो जेवताना नुसता डबा धरायचो, आणा तो पिंजरा, उद्या त्याला उपाशी ठेवून तिथेही डबा मीच धरतो."