मनातल्या मनात

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला आज पावणेतीन महिने झाले. पत्र लहानसंच होतं.

"दादा, भुरी गाभण राहिली. गाभणपण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांचं. डुकरीण यात फारशी मागेपुढे करत नाही, तू करशील. मागच्या वेताला तिच्या अंगाखाली चार पिल्लं गेली. माझे गुडघे आता पेंढ्यात बसू देत नाहीत. तू येऊन बसणार असशील तर ठेवते, नाहीतर व्यायच्या आत शेजाऱ्यांना देऊन टाकते आणि शेड बंद करते. हो की नाही, एवढंच कळव. आणि या वेळी मनातल्या मनात वाचू नकोस."

या शेवटच्या ओळीपाशी मी अडकलो.

लहानपणी आमच्याकडे चार डुकरिणी आणि एक रागीट नर होता. व्यायलेली मादी धपकन आडवी होते, आणि पिल्लं उबेसाठी नेमकी तिच्याच पोटाखाली शिरतात. म्हणून पहिले तीन दिवस कुणीतरी जवळ बसावं लागे. हे काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुठल्याच कामाचा मी नव्हतो. मी मोठ्यानं वाचत बसे. आवाज चालू असला की मादी आधी पुढचे गुडघे टेकी, थांबे, मग सावकाश कुशीवर पडे. तेवढ्यात पिल्लं बाजूला होत. बाबा दारातून म्हणत, "मास्तर, जरा कंटाळवाणं वाचा! काल तुमचा नायक घोड्यावर बसला आणि ही उठून उभी राहिली!"

दुपारचं ऊन फळ्यांच्या फटींतून आत येई. पेंढ्याची धूळ त्यात तरंगे. अकरा पिल्लांचा श्वास एकच वाटे, आणि मला भास होई की शेड पाण्यावर आहे आणि आम्हा सगळ्यांना घेऊन हळूहळू कुठेतरी निघाली आहे.

अशाच एका दुपारी गोष्ट रंगली आणि माझे ओठ थांबले. डोळे पुढे धावत राहिले. किती पानं उलटली कोण जाणे. भान आलं तेव्हा मादी आडवी झाली होती आणि पिल्लं दहाच दिसत होती.

"वाचत होतास ना?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

सात वर्षांची धाकटी तेव्हा फळीपलीकडे बादल्या घासत होती. आवाज थांबल्याचं तिला कळलं होतं तर. इतकी वर्षं तिनं कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही.

उत्तराचे किती कागद फाडले याची मोजदाद नाही. माझ्यासारख्या माणसावर पिल्लं सोपवावीत का, हेच ठरेना.

आज दुपारी वाचनालयात पुस्तक उघडून बसलो होतो. पंखा संथ फिरत होता. समोर तिघे-चौघे वर्तमानपत्रावर पेंगत होते, आणि त्यांचा श्वास हळूहळू एक झाला. ऊन टेबलावर चढलं. पायाशी काहीतरी उबदार हलल्यासारखं वाटलं. मी पाय जपून मागे घेतले.

"काका," ग्रंथपाल बाई खांद्याशी येऊन कुजबुजल्या, "तुम्ही मोठ्यानं वाचताय."

"अरे बापरे! कधीपासून?"

"अर्धा तास झाला असेल."

मी ओशाळून पुस्तक मिटलं. पलीकडच्या टोपीवाल्या आजोबांनी एक डोळा उघडला. "थांबलात कशाला? आत्ता कुठे डोळा लागला होता."

अर्धा तास! आणि मी एकदाही थांबलो नव्हतो.

बाईंकडून कागद आणि पाकीट मागून घेतलं. हवापाणी न विचारता लिहिलं: "भुरीला देऊ नकोस. रविवारी पोचतो. त्या दिवशी मी बाबांना हो म्हणालो, पण माझा आवाज थांबला होता. तू ऐकलंस, तसंच झालं होतं. पुन्हा थांबलो तर फळीवर बादली आपट."

पत्ता सावकाश लिहिला, अक्षर वाचण्याजोगं आलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवून मी क्षणभर उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, टाकताय का?"

"हो, हो," म्हणालो आणि टाकलं.