पुढची जागा

ग्लादिसने थर्मास मांडीत घट्ट धरून भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतलं, अर्ध्यापर्यंतच, आणि पेला वाल्तेरपुढे केला. समुद्राकाठच्या रस्त्यावरची नजर न काढता त्याने हात लांबवला, नळी ओठांत धरली, दोन घोटांत माटेचा कडू चहा संपवला आणि पेला परत दिला.

मागच्या सीटवर पाय पसरून बसलेल्या मिर्ताने हे सगळं पाहिलं. पेला अर्धाच भरला म्हणजे वळणावर सांडत नाही, हे इतकी वर्षं फक्त वाल्तेरच्या बायकोला, म्हणजे तिलाच, ठाऊक होतं. ग्लादिसला हे कोणी शिकवलं?

त्यांच्या गावी, पायसांदूकडे, रिवाजच तसा. गाडी चालवणाऱ्याने माटे ओतायचा नाही, शेजारी बसेल त्याने ओतायचा. त्यामुळे पुढची जागा नुसती जागा नसते, तो मान असतो. आणि हा मान मिर्ताने आपण होऊन मैत्रिणीला बहाल केला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय दुमडवत नव्हता, म्हणून सान्तियागोच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात येताच तीच म्हणाली होती, "ग्लादिस, तू बस पुढे." ग्लादिसला चिलीच्या सहलीला बोलावलं तेही तिनेच. नवरा गेल्यापासून बिचारी घराबाहेर पडली नव्हती. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"सोळाव्या वर्षी मी घरातून पळालो होतो," वाल्तेर सांगत होता. "जहाजावर काम मिळेल म्हणून. मोंतेविदेओच्या बंदरात दोन दिवस उपाशी."

"मग?" ग्लादिसने विचारलं.

"मग काय, मावशीने गाठलं. आधी पोटभर जेवू घातलं, मग कान धरून घरी आणलं."

"बरं झालं. जहाजावर तुला भांडीच घासायला लावली असती."

"घासली असती. समुद्र तरी दिसला असता."

दोघं हसली. मिर्ताला हसू आलं नाही. दिवसभर दुकानात खिळे-स्क्रू विकून आलेला हा माणूस घरी रेडिओ ऐकत जेवायचा आणि झोपायचा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हे पळून जाणं तिच्या कानावर आलं नव्हतं.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," ती मागून म्हणाली.

"तू कधी विचारलंस, म्हातारे?"

तो सहज बोलला होता. तिला मात्र ते झोंबलं.

"हळू चालव," ती म्हणाली.

रात्री जेवताना तिने विषय काढला. "उद्या टूरच्या बसने जाऊ. डोंगरातला रस्ता आहे, तू दमशील."

"बसने? ते सोडतील तिथे उतरायचं, हाकतील तेव्हा चढायचं. आपण काय गुरं आहोत?"

"एक दिवस गुरं होऊ."

वाल्तेरने ग्लादिसकडे पाहिलं. ग्लादिस ताटाकडे पाहत म्हणाली, "मला काहीही चालेल."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सीटा दोन-दोनच्या. मिर्ताने तिकिटं हातात घेऊन जागा वाटल्या: खिडकीशी वाल्तेर, त्याच्या शेजारी ती स्वतः, आणि ग्लादिस दोन रांगा पुढे, एका ब्राझीलच्या बाईशेजारी. बस शहराबाहेर पडली तसा मिर्ताने पिशवीतून थर्मास काढला.

"दे इकडे," वाल्तेर म्हणाला. "आज माझे हात मोकळे आहेत."

त्याने स्वतः ओतलं, स्वतः प्यायला, मग तिला एक दिला. पेला काठोकाठ भरलेला होता.

"कालचा समुद्र छान होता, नाही?"

"हं."

"दमलास?"

"हं."

गाइड माइकवरून कुठल्याशा ज्वालामुखीची माहिती देत होता. तेवढ्यात पुढून ग्लादिसचं हसू ऐकू आलं. वाल्तेरने मान उंच करून तिकडे पाहिलं, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. मिर्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायचं तरी कशावरून?

संध्याकाळी वाल्तेर पाव आणायला गेला तेव्हा दोघी हॉटेलच्या पायरीवर टेकल्या.

"उद्या मी बसनेच जाते," ग्लादिस म्हणाली. "गाइडला सांगून ठेवलंय. तुम्ही दोघं गाडीने जा. पुढची सीट मागे सरकवली की पाय मावेल तुझा."

"असं का म्हणतेस? मी काही बोलले का?"

"कालपासून तुझं तोंड बघतेय मी. मलाही नवरा होता, मिर्ता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मिर्ताला हवं होतं ते सगळं आयतं हाती आलं होतं: गाडी, पुढची जागा, मांडीतला थर्मास. उद्याचा दिवस तिला लख्ख दिसला. ती पेला अर्धा भरील, तो पिईल, परत देईल. ती विचारील, आणि तो म्हणेल, हं.

"तू बसने जायचं नाहीस," ती म्हणाली.

"आता काय झालं?"

"तू नसलीस तर तो बोलणार नाही. आणि मला ऐकायचंय गं."

ग्लादिसने तिचा हात हातात घेतला. मिर्ताने तो सोडवून घेतला नाही. मग कोपऱ्यावरून वाल्तेर पाव घेऊन येताना दिसला, तसं तिने घाईघाईने डोळे पुसले.