पोटातली पाटी

मित्रांनो, मी एक बाक आहे. जुना की नवा, हे मात्र मला नेमके सांगता येणार नाही. बाक म्हणून माझे वय अवघे आठ महिने आहे. लाकूड म्हणून मी शंभरी ओलांडली आहे. केडगावच्या कब्रस्तानाच्या फाटकाजवळ लिंबाच्या सावलीत मला ठेवले आहे. मय्यतीला आलेली माणसे माझ्यावर टेकतात. माझ्या उजव्या कडेला वीतभर लांबीचा काळा-निळा डाग आहे, आणि डागाच्या कोपऱ्यात एक खोबण आहे. बसलेल्या माणसाचे बोट नकळत तिथे जाते. त्या खोबणीची हकिकत मला सांगायची आहे.

माझी जात महोगनी. आम्ही इथले नव्हे. आमचे मूळ समुद्रापलीकडच्या बेटांवरचे. तिथली आमची जंगले साहेबांच्या कपाटांसाठी आणि जहाजांसाठी तुटली. मग त्याच साहेबांच्या जहाजांतून आमचे बी कलकत्त्याच्या बागेत आले आणि तिथून गावोगावच्या सरकारी बंगल्यांत पोचले. मी दौंड आणि केडगाव यांच्या मधल्या कालव्याच्या बंगल्यात रुजलो. कालव्यावर पार्किन नावाचा इंजिनिअर साहेब होता. त्याने बी दिले. खड्डा खणला तो उस्मान माळ्याने. ते साल १९२४. साहेब त्या दिवशी व्हरांड्यातून खाली उतरला नाही, कारण ऊन फार होते.

पहिली दोन वर्षे उस्मानने मला रोज चार घागरी पाणी घातले. त्यातल्या एका उन्हाळ्यात आवाराबाहेरची विहीर आटली. बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकावरून पुढे जात. परवानगीशिवाय कालव्याचे पाणी घ्यायची सोय नव्हती, आणि माझे आळे मात्र दोन्ही वेळा भरलेले असे. मी ते पाणी प्यायलो. माझ्या गाभ्याजवळची वर्तुळे चांगली रुंद आहेत. त्यांचा मला अभिमान वाटत नाही.

१९३२ साली साहेब विलायतेला परत निघाला. जाण्यापूर्वी त्याने एक लोखंडी पाटी करवून घेतली. तिच्यावर इंग्रजीत कोरले होते की हे झाड पार्किन यांनी लावले, आणि खाली साल. ती माझ्या खोडावर ठोकायचा हुकूम उस्मानला झाला. त्याला वाचता येत नव्हते. पगाराच्या दिवशी तो हजेरीपटावर अंगठा उठवी, तेवढेच त्याचे लिहिणे. त्याने कारकुनाला विचारले, "काय लिवलंय?" कारकुनाने सांगितले. उस्मानने हातोडा उचलला. त्याने चार खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्यानंतर तो थोडा थांबे.

झाड जाडीने वाढते ते सालीखालच्या एका पातळ जिवंत थरामुळे. वाटेत आलेली वस्तू तो थर बाजूला सारू शकत नाही. तो तिच्याभोवती वाढत राहतो. पंधरा वर्षांत माझ्या सालीने पाटीच्या चारी कडा गिळल्या होत्या.

मग स्वातंत्र्य आले. त्या दुपारी उस्मान पहार घेऊन आवारात आला. त्याच्याबरोबर त्याची सात वर्षांची मुलगी इमामबी होती. तिला त्याने आवाराबाहेर कालव्याच्या भरावावर बसवले; तिथून माझे खोड दिसत नव्हते. तिथे गावातली आणखी माणसेही बसली होती. कुणीतरी ओरडले, "उस्मानभाई, उपटा साहेबाला!" आणि सगळे हसले.

उस्मानने पहारीचे टोक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात घातले आणि जोर लावला. माझी साल टरकन फाटली. खालचा ओला थर उघडा पडला आणि रस वाहू लागला. पाटी जागची हलली नाही. ती काढायची तर चारी बाजूंनी खोलवर तासावे लागले असते, आणि एवढी मोठी जखम झाडाला कुजवते, हे माळ्याला कळत होते. त्याने पहार खोडाला टेकवली. मग खाली बसला. शेण आणि चिकणमाती कालवून त्याने तो गोळा फाटलेल्या कोपऱ्यात भरला आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवला. उरलेल्या चिखलाने पाटी वरपासून खालपर्यंत लिंपून टाकली.

"ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "तुला कशाला मारू?"

तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. इमामबी धावत पुढे गेली.

"अब्बा, काढली?"

भरावावरची माणसे बघत होती. लेक बघत होती.

"काढली," उस्मान म्हणाला. "कालव्यात टाकली."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेव्हाच बोललो असतो. पण झाडांचे काम साल वाढवण्याचे आहे. सहा-सात वर्षांत मी ती पाटी पूर्ण झाकली. उस्मान दर पावसाळ्यात येऊन त्या जागेवर हात फिरवी आणि कुणाला न सांगता निघून जाई. पुढे तोही गेला.

इमामबी मोठी झाली, सासरी गेली, विधवा होऊन मुलासह केडगावला परतली. तिच्याजवळ बापाचे घर उरले नव्हते, जमीन कधी नव्हतीच. होती ती एवढी एक गोष्ट. शाळेत पंधरा ऑगस्टला तिला खुर्चीवर बसवत आणि ती मुलांना सांगे, "बापानं माझ्या पहार लावली आन् साहेबाचं नाव कालव्यात बुडवलं. पाटी गेली, झाड आमचं ऱ्हायलं." सांगताना तिचा हात दर वेळी हवेत पहार दाबल्यासारखा खाली येई. मुले टाळ्या वाजवत.

दोन वर्षांपूर्वी बंगला पाडून नवी इमारत बांधायचे ठरले. मी मधोमध येत होतो. तोडायचे काम भिमाजी नावाच्या ठेकेदाराकडे होते. फांद्या आधी उतरल्या आणि ट्रॅक्टरमधून गुऱ्हाळावर जळणाला गेल्या. तिथे चुलवणात चिपाडाबरोबर माझी हिरवी फांदी फसफसत जळली असेल. बंगल्यातल्या, बागेतल्या झाडांचे बहुधा असेच होते. शंभर वर्षे वाढलेले लाकूड एका दिवसात काकवी उकळून संपते.

इमामबी रिक्षा करून आली. बरोबर तिचा मुलगा इनुस होता. तो सुतार.

"भिमाजी, बुंधा मला पायजे," ती म्हणाली.

"चाची, तुमी काय करता त्याचं? कपाट करता व्हय सुनेला?"

"माझ्या कबरीच्या फळ्या करायच्यात."

भिमाजीने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मुसलमानांत मय्यत कबरीत ठेवल्यावर वर आडव्या फळ्या किंवा फरश्या टाकतात, म्हणजे माती थेट अंगावर पडत नाही. इमामबीला बापाच्या झाडाखाली झोपायचे होते.

"न्या," भिमाजी म्हणाला. "पन कापून कोन देईल? बंगल्याचं लाकूड हाय हे."

त्याचे खरे होते. अशा झाडांत दिव्यांच्या तारा, कपड्यांच्या दोऱ्यांचे आकडे, जाहिरातींचे खिळे दडलेले असतात. लोखंड लागले की आऱ्याचे पाते जाते, म्हणून गिरणीवाले बागेचे लाकूड घेत नाहीत. जवळच्या दोघांनी इनुसला फोनवरच नकार दिला. शेवटी न्हावऱ्याच्या रस्त्याने टेम्पोत घालून मला शिरूरला नेले. तिथल्या सॉ मिलचा मालक मच्छिंद्र इनुसच्या ओळखीचा होता. इमामबी हट्टाने टेम्पोत पुढे बसून आली.

मच्छिंद्रने माझ्यावर हात थापटला. "इनुसभाई, माल झकास हाय. पन खिळा-बिळा?"

"न्हाई मच्छिंद्रशेठ."

"छातीवर हात ठिवून सांगा. मागच्या महिन्यात दोन ब्लेडं गेली माझी. एक पोरगं थोडक्यात वाचलं."

इनुसने आईकडे पाहिले. इमामबी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती. "खिळा? माझ्या बापानं सोताच्या हातानं काढला. मी सोता बघितलंय."

तिने खरे तर चिखलाचे हात बघितले होते.

"मग झालं की," मच्छिंद्र हसला. "पन चाची, फळ्यांची एवढी घाई कशाला? अजून दोन इलेक्शनं मत टाकाल तुमी."

आरा सुरू झाला. पहिली फळी निघाली, दुसरी निघाली. तांबूस लाकूड बघून कामगारही जवळ आले. तिसऱ्या कापाला मी जाणत होतो की आता ती जागा येणार. ओरडता येत नाही याचे दुःख मला आयुष्यात दोनदा झाले. दुसऱ्यांदा ते त्या क्षणी झाले.

किंकाळीसारखा आवाज आला. पाते तुटून पत्र्यावर आदळले. कामगार खाली बसले. कुणीतरी मशीन बंद केले.

"बघितलंय म्हनला व्हता ना चाची?" मच्छिंद्र चिडून म्हणाला. मग त्याने छिन्नीने लाकूड फोडले. आतून गंजलेली पाटी निघाली. एका कडेला पात्याने चीर पाडली होती, बाकी अक्षरे शाबूत होती. त्याने बोट फिरवत वाचले, "पार्किन... एकोणीसशे चोवीस." इमामबीचा चेहरा दिसल्यावर त्याचा आवाज खाली आला. "जाऊ द्या चाची. लागतं कवा कवा लोखंड."

"आन इकडं."

तिने पाटी मांडीवर घेतली. तिला वाचता येत नव्हते. तिने वीत टाकून लांबी मोजली. बरोबर एक वीत आणि दोन बोटे. बापाने तिच्या लहानपणी मोजून दाखवली होती, तेवढीच.

"इनुस," ती म्हणाली, "माझा बाप खोटं बोलला रं."

"अम्मा, दुसरी आसंल एखादी."

"येकच व्हती."

टेम्पोत बसताना ती एवढेच म्हणाली, "ह्या फळ्या मला नको. फरशी टाक."

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेतून बाई बोलवायला आल्या. इमामबी म्हणाली, "मला काय आठवत न्हाई आता." बाईंना वाटले, वय झाले. माघात ती गेली. तिच्यावर शहाबादी फरश्या टाकल्या. मी तेव्हा इनुसच्या शेडमध्ये भिंतीला टेकून सुकत होतो.

ओल्या लाकडाला घाई चालत नाही. इंचभर जाडीला वर्ष लागते. वर्षभराने इनुसने डाग पडलेली फळी, म्हणजे मला, खाली घेतले. लोखंड आणि लाकडातला तुरट अंश एकत्र आले की असा काळा-निळा रंग चढतो आणि तो रंध्याने जात नाही. कब्रस्तानात माणसांना बसायला काही नाही, तिथे चालेल, असे ठरवून त्याने बाक करायला घेतला. डागाचा कुजका कोपरा तासून तिथे ठिगळ बसवायचे होते. त्याने पटाशी लावली. दोन घाव घातले, आणि खोबणीतून एक वाळलेला मातीचा गोळा बाहेर आला.

इनुसने तो उजेडात धरला. शेण-माती. त्यात गवताच्या काड्या तशाच होत्या. जखमी झाडाला लावतात तो लेप. तो इनुसही आईकडून शिकला होता. गोळ्याच्या एका बाजूला पहारीच्या टोकाचा चपटा वण होता. दुसऱ्या बाजूला माणसाचा अंगठा उमटला होता, रेषा न् रेषा स्पष्ट.

तो लाकडाच्या भुश्शात खाली बसला. त्याने आपला अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला आणि चटकन उचलला.

"अम्मा," त्याने हाक मारली. "अम्मा, तुझ्या अब्बांनी लावली व्हती गं पहार. पाटी काढली आसती तर झाड गेलं आसतं."

शेडमध्ये कुणी नव्हते. थोड्या वेळाने त्याच्या बोटांत गोळ्याचे दोन तुकडे झाले, आणि मग त्यांची माती झाली. ती त्याने कागदात बांधली आणि संध्याकाळी आईच्या कबरीच्या उशाशी नेऊन टाकली. खोबणीत ठिगळ मात्र त्याने बसवले नाही.

मित्रांनो, माझी मागणी फार मोठी नाही. झाडावर खिळा ठोकू नका. तुमचे नाव त्याला वाचता येत नाही, दुखते मात्र. पडलेल्या झाडाला लगेच जळणात घालू नका. ते चिरा, सुकवा, वापरा, पण सावकाश. आणि एखाद्या मेलेल्या माणसाला खोटे ठरवण्याआधी लाकूड थोडे आणखी आतपर्यंत तासून बघा.

इनुस शुक्रवारी येतो. माझ्या डाव्या बाजूला बसतो. खोबणीकडची बाजू तो रिकामी ठेवतो.