माझा नसलेला अंगठा

बँकेचं नंतर सांगते. आधी घरात काय झालं ते सांगते, कारण खरी लाज तिथली आहे.

आमचं काम पुस्तकबांधणीचं. छापखान्यातून छापलेले ताव येतात, त्यांच्या घड्या घालायच्या, सोळा पानांचा एक फर्मा करायचा, फर्मे शिवायचे, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, पण माझ्या हातून गेलेली पुस्तकं रचली तर त्या शाळेच्या छपरापर्यंत जातील. घडीवर अंगठा दाबून ओढला की घडी बसते. त्या कामाला हाडाची पट्टी मिळते, पण तिच्याशी माझं कधी जमलं नाही. चाळीस वर्षं मी अंगठाच ओढला.

सून समोर बसते, शिवण तिची. मुलगा मालाच्या गाडीवर असतो. आठवड्यातले दोन दिवस घरी, तेही झोपेत. म्हणजे घर आणि टेबल आम्हा दोघींचंच. पुस्तकाच्या कडा कापायला माल दुसऱ्याकडे पाठवावा लागतो आणि वर त्याची मिजास सोसावी लागते, म्हणून कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. त्यासाठी बँकेत पैसे साठत होते. पाचशे जमले की सून नेऊन भरायची, आणि मी एका कोऱ्या चिठोऱ्याची घडी घालून पत्र्याच्या डब्यात टाकायची. ऐंशी घड्या झाल्या त्या दिवशी म्हटलं, झाले चाळीस हजार, जा, पासबुक भरून आण. दीड वर्ष बँकेचं छापायचं यंत्र बिघडलेलं होतं, ते त्या आठवड्यात सुरू झालं होतं.

पासबुक आलं. तीन हजार सातशे दहा कमी.

आकडे मला येतात. मधल्या ओळी तोडक्या अक्षरांच्या होत्या, कुणाच्या बापाला कळू नयेत अशा, त्या मी पाहिल्याच नाहीत. मला माझ्या घड्या पुरे होत्या. मी दिले ते पुरते, पोचले ते कमी, आणि मध्ये माणूस एकच. मी म्हणाले, आणि दार सताड उघडं असताना म्हणाले, "वाटेत गळाले, की त्यांनी तुझ्या माहेरची वाट धरली?"

जिन्यात शेजारीण भांडी घेऊन उभी होती. तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं, म्हणजे तिनं नीट ऐकलं.

सून रडली असती तर मी आणखी चार शब्द सुनावले असते. तिनं दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं, सुई रिळात खोचली आणि म्हणाली, "आई, उद्या बँकेत तुम्हीपण चला. आणि सोमवारपासून मी समोरच्या छापखान्यात कामाला जाते. तिथे चोर म्हटलं तरी पगार देऊन म्हणतात."

मी म्हणाले, जा की. तोंडानं म्हणाले. अशी सरळ शिवण घालणारा हात मला चाळीस वर्षांत दुसरा दिसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत. तिथे पेन दोरीनं बांधून ठेवतात. आपण आयुष्याची कमाई त्यांच्या स्वाधीन करायची, आणि त्यांचा आपल्यावर एका पेनाचाही भरवसा नाही. काउंटरवर एक तुळतुळीत पोरगा होता, प्रत्येक वाक्याला ‘आजी’ लावणारा. मी मनात त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. त्यानं पासबुकावर बोट फिरवत सांगितलं, आजी, हे अडीचशे दर महिन्याचे, अपघात विम्याचे. हे पंधरा मोबाईलवर संदेश पाठवण्याचे. चौदा महिने झाले, आजी.

सुनेनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. राग मी साखऱ्यावर काढला, तेच सोपं होतं.

विमा कुणी मागितला, विचारलं. म्हणाला, तुम्हीच. संदेश कुठे पाठवता, माझ्याकडे मोबाईल नाही, कावळ्याच्या पायाला बांधता का? म्हणाला, ते सिस्टीम पाठवते. मग पैसे कोण कापतं? सिस्टीम. परत कोण देणार? सिस्टीममध्ये तशी सोय नाही. या बँकेत सगळं ती सिस्टीमच करते आणि बाकीचे पंख्याखाली बसतात. एकदा समोर आली असती तर झिंज्या धरल्या असत्या तिच्या.

सून शांतपणे म्हणाली, अर्ज दाखवा. अर्ज जुन्या कागदांत आहे, शोधावा लागेल, उद्या या. सून म्हणाली, शोधा, आम्ही बसतो. बसलो. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या, तेव्हा त्याही जाणार नव्हत्या आणि आम्हीही. दीड तासानं अर्ज आला. साखऱ्यानं तो लांबूनच दाखवला, लहान मुलाला खेळणं दाखवावं तसा. खाली निळ्या शाईचा अंगठा. काय सुंदर अंगठा होता. रेघेत रेघ, गोल, झाडाचं खोड आडवं कापल्यावर दिसतं तसा.

"हा बघा तुमचा अंगठा, आजी. आता बोला."

मला हसू आलं. हसताना माझा आवाज मोठा होतो. आतल्या खोलीतून मॅनेजर बाहेर आले.

मी त्यांना म्हणाले, साहेब, पाच वर्षांपूर्वी खातं उघडायला आले तेव्हा याच खिडकीवर माझा अंगठा तीनदा घेतला. तिन्ही वेळा नुसता डाग. यंत्रावर ठेवला तर यंत्र म्हणालं, माणूसच नाही. तुमच्या माणसानं चार लोकांत सुनावलं, बाई, असला अंगठा चालत नाही, सही शिकून या. या माझ्या सुनेनं वाया गेलेल्या तावांच्या पाठीवर तीन संध्याकाळी गिरवून घेतली माझ्याकडून. तेव्हापासून सही करते मी. माझा अंगठा तुम्हीच नापास केलाय.

टेबलावर शाईचं पॅड होतं. विचारलं नाही. अंगठा बुडवला आणि त्यांच्यासमोरच्या कागदावर दाबला. निळा डाग उठला, काचेच्या गोटीसारखा गुळगुळीत, एक रेघ नाही. चाळीस वर्षांच्या घड्यांनी सगळ्या पुसून नेल्या होत्या.

"हा माझा. आता तो कुणाचा ते शोधू. पॅड इथेच आहे, माणसंही इथेच आहेत. एकेकानं या."

खिडकीपाशी रांगेत उभे असलेले लोक पुढे सरकले. बँकेचा शिपाई खरंच बाह्या सारून पुढे आला, त्यानं अंगठा उठवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, माझा रुंद आहे हो. साखऱ्याचे दोन्ही हात खिशात गेले होते. महिन्याला अमुक इतके विमे खपवायचे अशी त्यांच्यावर सक्ती असते, हे मला नंतर शिपायानं सांगितलं. असेल. सक्ती माझ्यावरही असते, मी दुसऱ्याच्या पुस्तकातली पानं फाडून आपला फर्मा पुरा करत नाही.

मॅनेजरांनी साखऱ्याला आत जायला सांगितलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाले की गैरसमज झालेला दिसतो, आपण आतल्या खोलीत बोलू, चहा घ्या. मी म्हणाले, पैसे बाहेरच्या खिडकीवर कापले, बोलणंही बाहेरच होईल. ते म्हणाले, रक्कम परत मिळेल, वरच्या ऑफिसला कळवतो, चार दिवस द्या. बरं, म्हटलं, लिहून द्या. त्यांनी एक छापील कागद काढला, त्यावर ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर’ असं काहीतरी होतं. सुनेनं तो वाचून दाखवला. मी परत सरकवला.

गैरसोय म्हणजे पाऊल मुरगळतं ती. हे गैरसोय नाही, साहेब. ‘चूक बँकेची आहे, खातेदार बाईंची नाही आणि पैसे भरायला येणाऱ्या त्यांच्या सुनेची तर मुळीच नाही,’ असं तुमच्या हातानं लिहा, शिक्का मारा आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं वाचा.

सुनेचा यात काय संबंध, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, संबंध आहे म्हणून तर सांगते.

त्यांनी लिहिलं. वाचलंही, पण घाईघाईनं. मी म्हणाले, जरा मोठ्यानं. पुन्हा वाचलं.

चौथ्या दिवशी पैसे खात्यावर आले, तीन हजार सातशे दहा, पुरे. तो शनिवार होता. घरी आल्यावर सुनेनं पासबुक आणि ते पत्र डब्यात ठेवलं, माझ्या घड्यांवर. मग सोमवारी कामावर न्यायचा जेवणाचा डबा घासायला घेतला.

मी म्हणाले, आता कशाला जातेस? साफ झालं ना सगळं. कागद आहे, शिक्का आहे.

"तो बँकेचा," ती म्हणाली. "बँकेनं मला चोर म्हटलं नव्हतं."

मी पाण्याचा तांब्या भरला. तो भरलेलाच होता. ओट्यावर पाणी सांडलं. मग मी हळूच म्हणाले, चुकलं माझं.

तिनं नळ बंद केला. "आई, त्या साहेबांना काय म्हणालात तुम्ही?"

माझ्याच तोंडाचं शस्त्र माझ्यावर. मॅनेजरच्या खोलीत बसून चहा घेतला असता तर हे ऐकावं लागलं नसतं. मी तशीच ओल्या हातांनी गेले आणि दार सताड उघडलं. शेजारीण जिन्यात होतीच. ती घरात कधी असते कोण जाणे.

"ऐका हो," मी म्हणाले. "पैसे बँकेनं खाल्ले होते. माझ्या सुनेनं पैसुद्धा घेतला नव्हता. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. तेव्हा भांडं थांबवून ऐकलंत, आता हेही ऐका."

शेजारणीनं मान डोलावली. मागे वळले तर सुनेनं जेवणाचा डबा फडताळात पालथा घातला होता आणि टेबलावरच्या फर्म्यांतून हात फिरवत होती. चार दिवसांचं काम साचलं होतं. रिळातली सुई काढून तिनं माझ्यापुढे धरली.

"ओवून द्या," म्हणाली. "आणि ते कापायचं मशीन माझ्या नावावर घ्यायचं."

मला सुईचं भोक दिसत नाही हे तिला चांगलं माहीत आहे. मी ओवत बसले.