निळा स्पंज

योगिनीने वहीत फिल्टरच्या प्रकारांसाठी तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘कॅनिस्टर’. पहिल्या दोन रकान्यांत ‘संप’ आणि ‘टांगता’ होते. ठाण्यात चरईतल्या माशांच्या अरुंद दुकानात तिच्या शेजारच्या स्टुलावर तिचे सासरे कुंडलिक गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. महिनाअखेरीस कल्याणचं घर सोडून ते तिच्याकडे कोलशेतला राहायला येणार होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची सहा फुटांची, झाडांनी भरलेली माशांची टाकीही.

“टाकी सहा फुटांची, मासे सात आणि वही दोनशे पानांची,” काउंटरमागून दुकानदार फ्लेव्हियन म्हणाला. “विचारा मॅडम, काय ते.”

“संप म्हणजे खाली कपाटात दुसरी टाकी. उघडी?”

“उघडीच. अंकलकडे कल्याणला तेच आहे. मस्त चालतं.”

“माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. कपाटं उघडते.” तिने पहिल्या रकान्यावर तिरकी रेघ मारली. “आणि हा काठावर टांगायचा?”

“सहा फुटांना पुरणार नाय. एका टोकाचं पाणी फिरेल, दुसरं झोपून राहील.”

उरला कॅनिस्टर. घट्ट झाकणाचा बंद डबा, झाकणाला चार कड्या, पाणी जायला-यायला दोन पाइप. त्यातल्या एका प्रकारात जंतू मारणारा दिवाही होता. योगिनीने तोच मागितला.

“दिवा कशाला? फिल्टर पाणी साफ करत नाय, मॅडम. आत स्पंजात जे राहतात ना, ते करतात. बारीक जीव. माशांची घाण तेच खातात.”

“म्हणजे जंतूच ना?”

“तसं समजा.”

“तिला हवाय तर दिव्याचाच दे रे,” कुंडलिक म्हणाले. “घर तिचं आहे.”

बोलण्यात टोमणा नव्हता. तरी तिने तो शोधला.

टाकी आली त्या दिवशी कुंडलिकांनी सगळं नीट आखलं होतं. नळाचं पाणी दोन दिवस पिंपात शिळं करून ठेवायला लावलं होतं. झाडं ओल्या गोणपाटात, मासे झाकणाच्या बादल्यांत. लांब पात्यांची झाडं पुन्हा वाळूत रोवून झाल्यावर त्यांनी काळ्या पट्ट्यांचा एंजल मासा सगळ्यात शेवटी सोडला. सासूबाईंनी नऊ वर्षांपूर्वी तो पिशवीतून आणला तेव्हा रुपयाएवढा होता. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. एंजल आता तळहाताएवढा होता.

मग त्यांनी एक डबा योगिनीकडे दिला. आत जुन्या संपातले चार स्पंज होते, तपकिरी, बुळबुळीत, तळ्याकाठच्या चिखलाच्या वासाचे.

“हे असेच नव्या फिल्टरमध्ये घाल. नळाखाली धरायचे नाहीत. मी जरा पाठ टेकतो.”

योगिनी डबा हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. तिची लेक संचिता आठ महिन्यांची असताना पोटाच्या संसर्गाने चार दिवस सलाइनवर होती. तेव्हापासून या घरात जे यायचं ते उकळून यायचं. ओट्यावर बाटल्या उकळायचं मोठं पातेलं होतंच. वीस मिनिटं, घड्याळ लावून. पाण्याला तपकिरी फेस आला, तिने तो दोनदा ओतून दिला. स्पंज मुळात निळे होते हे तिला तेव्हा कळलं. निवल्यावर तिने ते फिल्टरमध्ये रचले आणि चारही कड्या लावल्या.

टाकी सुरू झाली. काहीच आवाज नव्हता. संचिता काचेला नाक लावून एंजलला “आजी” म्हणाली, कारण कुंडलिकांनी तिला तसं शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. पाचव्या दिवशी दोन मासे वर तरंगले. एंजल पृष्ठभागाशी तोंड उघडं ठेवून तिरका थांबला होता, कल्ले लालभडक. कुंडलिक सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी पाणी बदलत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

“मी धरते बाबा.”

“राहू दे. तुझं जेवण राहिलंय.”

सहाव्या दिवशी ती अंघोळ करून आली तेव्हा ते फोनवर तिच्या नवऱ्याशी, ऋतुराजशी बोलत होते. तो ऑफिसच्या कामाने पुण्याला गेला होता. “अरे, इकडचं पाणी मानवलं नसेल. माझीच घाई झाली. नाही रे, ती काय करणार? तिने तर सगळं नीट केलं.”

योगिनी टाकीजवळ गेली. कपाटाच्या दारापाशी पसरलेला पेपर ओला होता आणि त्यावर गोल डब्याचा ठसा उमटला होता. तिने दार उघडलं. फिल्टरच्या कड्या ती नेहमी घट्ट दाबून लावायची. त्यातली एक अर्धवट लागली होती. म्हणजे बाबांनी फिल्टर उघडून ते निळे स्पंज पाहिले होते.

तिने कपाट हळूच लावलं. संचिताला शाळेसाठी आणलेला, स्टिकरही न काढलेला स्टीलचा डबा स्वयंपाकघरातून घेतला.

“बाबा, मी तासाभरात येते. हिला बघाल?”

फ्लेव्हियनने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मी ते उकळले,” ती म्हणाली.

“बाळाच्या बाटलीसारखे?”

“हो.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. त्याने बाही वर सारली, कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि एक जाड काळपट स्पंज वर काढला. त्याच टाकीतलं पाणी डब्यात भरून स्पंज त्यात सोडला.

“सुकू द्यायचा नाय. सरळ घर.”

रिक्षात तिने डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला. कापूरबावडीच्या सिग्नलला झाकणाच्या कडेने पाणी ओघळून तिच्या कुर्त्यावर आलं. तिने ते पुसलं नाही.

एंजल अजून वरच होता. कल्ले हलत होते. कुंडलिक टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि संचिता त्यांच्या पायाशी. योगिनीने डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

“अगं, हा तर पोरीच्या शाळेचा डबा.”

“हो.”

ती खाली बसून फिल्टरच्या कड्या सोडू लागली. एक, दोन, तीन. संचिताने दोन्ही हात पुढे केले होते. कुंडलिकांनी क्षणभर योगिनीकडे पाहिलं आणि तो काळपट स्पंज नातीच्या ओंजळीत ठेवला. तपकिरी पाणी तिच्या कोपरांवरून फ्रॉकवर ओघळलं.

“ने तिला, हात धू तिचे,” ते म्हणाले.

“आधी स्पंज बसवू द्या तिला,” योगिनी म्हणाली आणि चौथी कडी सोडली.