कप्तान गावचा

पुनावळ्याच्या भैरवनाथ महाविद्यालयात बास्केटबॉल आला तो खेळाच्या आवडीपोटी नव्हे. मान्यतेसाठी तपासणी समिती येणार होती आणि कॉलेजकडे मैदान नव्हतं. गावातले बडे जमीनदार अर्जुनराव, गावाचे अण्णा, यांनी हायवेलगतचं आपलं खळं कॉलेजला दिलं. ते क्रिकेटला अपुरं होतं. बास्केटबॉलच्या कोर्टाच्या मापात मात्र नेमकं बसलं. उद्घाटनाच्या दिवशी अर्जुनरावांनी माइक हातात घेऊन एकच अट घातली.

"जागा आमची हाय. खेळा, नाव काढा. फकस्त कप्तान गावचा पाहिजे."

टाळ्या पडल्या. संघातली सगळीच पोरं गावची होती, त्यामुळे अट कुणाला खटकली नाही.

तो पहिला संघ तालमीतून उचललेला होता. त्यांना चेंडू हिसकावण्यापेक्षा माणूस उचलण्याची सवय. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो, हा नियम त्यांना अन्यायाचा वाटे. चिंचवडच्या कॉलेजांत या संघाला 'आखाडा' म्हणत. त्याच आखाड्यातले मालोजी पुढे कॉलेजचे क्रीडाशिक्षक आणि संघाचे प्रशिक्षक झाले. नोकरी अर्जुनरावांनी लावली होती, आणि मालोजी सर ते कधी विसरले नाहीत.

मग हिंजवडीची कंपनीवाली माणसं राहायला येऊ लागली आणि पुनावळ्यात शेताशेतांतून इमारती उभ्या राहिल्या. गावातली पोरं प्लॉटिंगच्या धंद्यात आणि जिममध्ये गेली. संघात शेजारच्या थेरगावच्या भाड्याच्या खोल्यांतली पोरं आली. त्यांचे बाप जालना, बीड, लातूरहून चाकणच्या कारखान्यांत आलेले. ही पोरं सकाळी कॉलेज आणि दुपारी सराव करत, आणि सुटीत कंपनीत कंत्राटी काम. संघ जिंकू लागला. कप्तान मात्र गावचाच राहिला. नारळ फोडायचा त्याने, पंचांशी हात मिळवायचा त्याने, पेपरातल्या फोटोत मध्ये उभं राहायचं त्याने. मॅच बाकीच्यांनी खेळायची.

या पट्ट्यात 'गाववाला' म्हणजे गावात राहणारा नव्हे. ज्याच्या बापजाद्यांची जमीन सातबाऱ्यावर होती तो गाववाला. ती विकून आता शिल्लक नसली तरी चालतं. बाकी सगळे बाहेरचे, मग त्यांचा जन्म इथला का असेना.

दिग्विजयचा जन्म थेरगावचा. बाप कोंडाजी जालन्याकडचे, चाकणला कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये. दिग्विजय तिसऱ्या वर्षाला होता आणि दोन मोसम संघाचे निम्मे गुण त्याचे होते. त्याला कप्तान व्हायचं होतं. ही इच्छा त्याने कधी लपवली नाही. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर त्याने मालोजी सरांना विचारलं.

"सर, यंदा कप्तान मी."

"अट माहिती हाय ना?"

"गावचा पाहिजे. मी इथंच जन्मलो."

"जन्म व्हय. पण पांढरी कुठली?" सर म्हणाले. पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन. ती ज्याची, त्याचं गाव. "जत्रंला तुमच्या घरी निवद कुठल्या देवाचा असतो? भाड्याच्या खोलीला देव नसतो, बाळा."

गावची पोरं हसली. कप्तान झाला प्रज्वल, अर्जुनरावांचा पुतण्या. तो बरा खेळायचा, पण चेंडू सोडायचा नाही. दिग्विजयला तो 'भाडेकरू' म्हणायचा आणि दिग्विजय त्याला 'मालक' म्हणायचा. वर्षभर दोघांत याहून जास्त बोलणं झालं नाही.

जानेवारीत कॉलेजने अर्जुनरावांच्या वडिलांच्या नावे उद्धवराव स्मृती करंडक भरवला आणि स्वतःच अंतिम सामन्यात पोचला. समोर निगडीकडचा संघ होता. त्या दिवशी गावच्या दोन खेळाडूंनी दांडी मारली. बैलगाडा शर्यतीच्या घाटात त्यांच्या बैलांची बारी होती. उरलेल्या सातांत गावचे दोघेच, प्रज्वल आणि पिंटू. पैकी पिंटूचा घोटा तिसऱ्या डावात मुरगळला आणि तो बर्फाची पिशवी लावून बाकावर बसला. मंडपात पहिल्या खुर्चीवर अर्जुनराव, पांढऱ्या कपड्यांत.

शेवटच्या डावात आठ गुणांची आघाडी होती आणि तीन मिनिटं उरली होती. प्रज्वलने निगडीच्या पोराला हवेत असताना ढकललं. शिट्टी झाली. त्याचा पाचवा फाउल.

"मी हातबी लावला न्हाई!" तो ओरडला.

"कोपर लावलंस," पंच मंजुषा मॅडम म्हणाल्या. "बाहेर."

मग त्या मालोजी सरांकडे वळल्या. "सर, कप्तान बाहेर गेला. आता कोर्टावर कप्तान कोण? नंबर सांगा."

प्रश्न नेहमीचा होता. नियमच तसा, कोर्टावर एक कप्तान लागतो, पंचांशी फक्त तोच बोलू शकतो. सरांनी कोर्टाकडे पाहिलं. चार पोरं उभी होती, पाचवा आत जायला शर्ट सारखा करत होता. पाचही बाहेरचे. दिग्विजय नऊ नंबरच्या बनियनवर हात ठेवून सरांकडे बघत होता.

सरांनी मंडपाकडे पाहिलं. अर्जुनरावांनी मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही.

"सर, नंबर," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

"पिंटू, ऊठ," सर म्हणाले.

"सर, पाय टेकत न्हाई."

"खेळू नको. नुस्ता उभा ऱ्हा. मॅडम, कप्तान बारा नंबर."

पिंटू लंगडत आत गेला आणि मधल्या रेषेजवळ उभा राहिला. बाहेर बसवलेला पाचवा खेळाडू शर्टाचं टोक धरून तसाच राहिला. बीडकडचा ओंकार दिग्विजयच्या कानाशी आला.

"भावा, चौघं मिळून काढू. आठची लीड आहे."

"काढू की," दिग्विजय म्हणाला. "पण कप्तानाला विचारून. बॉल आला की पिंटूला द्यायचा."

"येडा झालास? कप जाईल."

"कप कुणाचाय?"

ओंकारने मंडपाकडे पाहिलं.

निगडीने दोन फ्रीथ्रो मारले. ओंकारने चेंडू आत टाकला. दिग्विजयने तो घेतला, तीन पावलांवर कुणी नसताना थांबला आणि पिंटूकडे फेकला. पिंटूच्या छातीवर तो आदळला, निगडीच्या पोराने उचलला आणि बास्केट केली. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळी ओंकारने स्वतःहून पिंटूकडे टाकला. फेक हळू होती, नेमकी होती, चूक काढायला जागा नव्हती.

"पुढं मार! तुझ्या आयला, पुढं मार!" सर रेषेवर नाचत होते.

"कप्तान म्हणंल तसं, सर!" दिग्विजय ओरडला.

आघाडी गेली. मग निगडी पुढे गेली. बाकावरून प्रज्वल शिव्या देत होता, मंडपातून कुणीतरी "विकले गेले भाडोत्री" म्हणालं. टाइमआउटमध्ये सरांनी दिग्विजयला बनियन धरून ओढलं.

"मुद्दाम करतो का रं?"

"कप्तानाला पास देणं चूक आहे का, सर? मग त्याला आत ठेवलाय कशाला?"

सरांनी हात काढला. पिंटूला मात्र बदललं नाही.

पुढचा पासही पिंटूकडेच आला. या वेळी त्याने तो पकडला. घोट्यावर भार पडला तसा तो कळवळला, आणि मग त्याने चेंडू दोन्ही हातांनी सरळ मालोजी सरांच्या खुर्चीवर आपटला. शिट्टी झाली.

"सर, मला का मधी घालताय?" पिंटू म्हणाला. तो गावचाच होता, अर्जुनरावांच्या भावकीतला. त्यामुळे त्याला कुणी गप्प बसवलं नाही. "त्याचा राग माज्यावर, तुमची भीती माज्यावर. पाय माजा मोडला तर अण्णा येणारेत का दवाखान्यात? नंबर सांगा की त्याचा!"

अर्जुनरावांनी मांडी बदलली. मालोजी सरांनी खुर्चीखालचा चेंडू उचलला.

"कप्तान," ते म्हणाले आणि थांबले. "नऊ नंबर."

पिंटूच्या जागी पाचवा खेळाडू आत आला. दिग्विजय पंचांकडे गेला. नियमाप्रमाणे आता तो बोलू शकत होता.

"मॅडम, वेळ किती?"

"चौदा सेकंद. तुम्ही सहाने मागे आहात."

"चालू करा."

चौदा सेकंद तो जीव तोडून खेळला. चेंडू हिसकावला, एकटा धावत जाऊन बास्केट केली. सामना चारने गेला.

बक्षीस समारंभ लगेच उरकला. निवेदकाने उपविजेत्या संघाच्या कप्तानाला बोलावलं तेव्हा प्रज्वल उठला. दिग्विजयही उठला. दोघे मंडपाच्या पायरीशी एकदमच पोचले.

"बस खाली, भाडेकरू. चौदा सेकंदाचा कप्तान."

"तू पाच फाउलचा. सरक, मालक."

निवेदक अर्जुनरावांकडे बघू लागला. अर्जुनरावांनी उपविजेत्याचा छोटा कप टेबलावर ठेवला आणि हात झटकले.

"मालोजीनं नंबर सांगितलाय. नाव न्हाई घेतलं कुणाचं," ते म्हणाले. "कप तिथं हाय. ज्याला पाहिजे त्यानं उचला."

प्रज्वलने हात पुढे केला. "थांब," मंजुषा मॅडम खालून म्हणाल्या. स्कोअर टेबलावरचं सामान आवरताना त्यांनी मान वर केली नव्हती. "सामना संपला तेव्हा कप्तान नऊ नंबर होता. एवढंच."

प्रज्वलने काकांकडे पाहिलं. काका मंडपाबाहेर बघत होते. तो हात मागे घेऊन खाली उतरला.

कप टेबलावरच होता. दिग्विजयने तो उचलला नाही.

"अण्णा, हातात द्या," तो म्हणाला. "आजवर सगळ्यांना हातात देत आलात."

"कप घालवला मुद्दाम, आन वर हातात पाहिजे?"

"मुद्दामच घालवला. तुमच्या वडलांच्या नावाचा होता, माझ्या नव्हे."

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. मालोजी सर मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. अर्जुनरावांनी कप उचलून एका हाताने, तोंड बाजूला करून, पुढे केला.

"हे घे. आन उद्यापासनं या कोर्टावर पाय ठेवायचा न्हाई."

"मला कप्तान म्हणून सांगताय ना?" दिग्विजयने विचारलं.

अर्जुनरावांनी दात आवळले. "व्हय. कप्तानालाच सांगतोय."

दिग्विजयने कप घेतला आणि पायऱ्या उतरला.