मान फिरवून पिणारा जावई

मी एक जुना टीव्ही आहे, पाठीला हे एवढं पोक आणि पुढे फुगीर काच असलेला. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. त्यात माझा काही दोष नाही. कारखान्यात मला उलटंपालटं केलं, ठोकून पाहिलं, तापवून पाहिलं, आणि एवढं करून माझ्या खोक्यावर 'बिघडल्यास परत आणावा' असं छापलं. ज्यांनी मला घडवलं त्यांचाच माझ्यावर भरवसा नव्हता, तर मी इतरांवर का ठेवावा?

दैगू शहरात, स्टेशनामागच्या गल्लीत ग्वी-ओक मावशीचं कोंबडी आणि बिअरचं दुकान आहे. तिथे बाजूच्या भिंतीवर लोखंडी फळी ठोकून मला बसवलं. ग्वी-ओक ही कुणाची सख्खी मावशी नव्हे. तळलेली कोंबडी पुढ्यात आणून ठेवणाऱ्या बाईला आमच्याकडे सगळेच मावशी म्हणतात. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ये-रिम नावाची एकुलती एक मुलगी होती.

दुकानातली बिअर स्वस्तातली होती. तिच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. रंग असा की भिंतीपलीकडचं दिसावं, आणि फेसही पेल्याच्या काठाशी टेकेपर्यंत विरून जायचा. थाक काका म्हणून एक निवृत्त बसचालक रोज यायचे. पहिला घोट घेतला की ते डोळा बारीक करून विचारायचे, "मावशी, खरं सांग, आज पिंपात बादलीभर पाणी ओतलंस ना?"

"मी कशाला ओतू? पिंप येतानाच पाणी घेऊन येतं," मावशी म्हणायची.

तरीही काका उठायचे नाहीत. मला हेच संशयास्पद वाटायचं. जी वस्तू आवडत नाही ती माणसं रोज येऊन, एकमेकांना आग्रह करकरून का पाजतात? आमच्याकडे स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, दुसऱ्यानं भरायचा. भरलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा आणि नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की पाजणाऱ्याचं तोंड उतरतं. आणि वडीलधाऱ्यांच्या समोर त्यांच्याकडे बघत प्यायचं नाही. धाकट्यानं मान बाजूला वळवायची, हाताचा आडोसा करायचा आणि मग प्यायचं. याला आदर म्हणतात.

आता मौज बघा. माझ्याखालच्या टेबलावर धाकटे मान वळवायचे ती माझ्याकडेच, कारण दुसऱ्या बाजूला येण्याजाण्याची वाट होती. त्यामुळे वडीलधाऱ्यांना दिसायचा तो धाकट्यांचा कान, आणि मला दिसायचा त्यांचा चेहरा. मघाशी "वा साहेब, वा" म्हणणाऱ्या माणसाचं मान वळवल्यावर तोंड कसं आंबट होतं, ते मी कितीदा पाहिलंय. आदराच्या आड काय काय चालतं म्हणून सांगू!

आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी माझ्या काचेवर कौटुंबिक मालिका लागायची. त्या मालिकांवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्या मला दाखवाव्या लागायच्या! जन्मताच बदललेली मुलं, सुनेच्या तोंडावर पेलाभर पाणी फेकणाऱ्या सासवा, गाडी धडकली की नेमकं लग्न विसरणारे नवरे. गरिबाच्या घरात एवढा मोठा दिवाणखाना कुठून आला, हे कुणी विचारत नसे. पण मावशी हातातलं काम टाकून बघायची, पदोपदी डोळे पुसायची, आणि बघून बघून तिलाही माझ्यासारखीच सवय लागली. गोड बोलणारा माणूस दिसला की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

अशात ये-रिमनं पिल-ग्यू नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, नाकासमोर चालणारा, हळू आवाजात बोलणारा. मावशीनं सरळ होकार दिला नाही.

"तुझा बापही लग्नाआधी असाच गरीब गाय होता," ती ये-रिमला म्हणाली. "एक पेला घ्यायचा आणि लाजायचा. पुढे काय झालं ते तू पाहिलंयस. पोटात चार पेले गेल्याशिवाय पुरुष कळत नाही. दर रविवारी त्याला इथे आण. मी पाजते आणि मी बघते."

"आई, हे काय परीक्षा घेतल्यासारखं?"

"परीक्षाच आहे. नापास झाला तर लग्न नाही."

ये-रिम काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. ते मी टिपून ठेवलं.

मग दर रविवारी पिल-ग्यू माझ्याखाली बसू लागला. मावशी पेला भरायची, तो दोन्ही हातांनी घ्यायचा, मान माझ्याकडे वळवायचा. आणि मी काय पाहिलं? त्याचे ओठ मिटलेले! आमच्या दुकानात कोंबडीची हाडं टाकायला प्रत्येक टेबलाला एक पत्र्याचा डबा असतो. तो डबा यानं भिंतीकडच्या बाजूला, बाकावर मांडीला लावून ठेवलेला. हाताच्या आडोशानं पेला कलायचा आणि बिअर अलगद हाडांवर जायची. मग तो "आहा" म्हणून वळायचा.

मी मनात म्हटलं, इथे पाणी मुरतंय. मालिकेत असं करणारा माणूस एकतर विष घालायला आलेला असतो किंवा दुकान लाटायला. पण सांगणार कुणाला? मला बोलता येतं ते दुसऱ्यांचे संवाद.

इकडे मावशी मात्र विरघळत चालली होती. "बघा काका, एवढी पोटात गेली तरी पोरगा डगमगत नाही. आवाज चढत नाही, जीभ जड होत नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," ती थाक काकांना म्हणाली. पुढच्या महिन्यात साखरपुडा करायचंही तिनं ठरवून टाकलं.

त्या रविवारी मालिकेत सोया सॉसच्या कारखानदाराचा जावई उघडा पडला. कारखानदाराच्या मृत मित्राचा मुलगा म्हणवणारा तो माणूस भलताच कुणीतरी होता. "मी तेव्हाच सांगितलं होतं!" थाक काका ओरडले. "त्याचं हसू बघा ना, डोळ्यांपर्यंत जातच नव्हतं!"

मावशीला ते सहन झालं नाही. "बंद कर गं बाई ते. आज शुभ बोलायला बसलोय आणि हे काय अभद्र!" ये-रिमनं बटण दाबलं.

मित्रांनो, पिल-ग्यू असताना मी कधी बंद झालो नव्हतो. मावशीनं पेला भरला, तो सवयीनं वळला आणि हाताआड पेला कलवला. त्याच्या ध्यानातच आलं नाही की दिवा गेलेली माझी काच म्हणजे काळा आरसा. मावशी माझ्याकडेच बघत होती. तिनं त्यात बाक पाहिला, डबा पाहिला, डब्यात पडणारी धार पाहिली.

ती उठली. तो डबा तिनं टेबलावर आणून आदळला. हाडं बिअरमध्ये तरंगत होती.

"किती रविवार?" तिनं विचारलं.

पिल-ग्यू उभा राहिला. "सगळे, आई."

"आई म्हणू नकोस मला. मी पोरीचा जन्म तुझ्या हातात द्यायला निघाले होते. ज्या परीक्षेवर होकार दिला, ती तू हाडांच्या डब्यात ओतलीस! माझ्या दुकानात, माझ्या समोर!"

"आई, मला माहीत होतं," ये-रिम रडत म्हणाली.

"तू गप्प बस. याला बोलू दे. बिअर सोसत नाही का तुला? पुरळ उठतं? मग तसं सांगायला तोंड नव्हतं?"

"सोसते," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली गेला की थाक काका पुढे वाकले. "मला पिता येतं, आई. मला थांबता येत नाही. एका नोकरीतून त्यापायी गेलो, भावाच्या घरातूनही गेलो. मग दारू सोडली. ये-रिम भेटायच्या आधीच सोडली. पण बिअरच्या दुकानात सासूबाईंनी भरलेला पेला नको म्हणायचा कसा? म्हटलं तर तुम्ही कारण विचारणार. आणि कारण ऐकलं तर मुलगी देणार नाही."

मला वाटलं, आता पेलाभर पाणी त्याच्या तोंडावर जाणार. मी तसंच शिकलो होतो.

मावशी आत गेली आणि गल्ल्याखालून एक घागरीएवढा चंबू घेऊन आली. तो तिचा खास चंबू. गिऱ्हाइकं "मावशी, आमच्याबरोबर एक घ्या" म्हणाली की ती त्यातूनच ओतून घ्यायची आणि पिंपाच्या नळाचा थोडा फेस वर सोडायची. मावशी पिंप रिकामं करूनही सरळ चालते, अशी तिची गल्लीभर ख्याती होती. तिनं त्यातून त्याचा पेला भरला. त्यानं वास घेतला आणि चमकून वर पाहिलं.

"सातूचा चहा," मावशी म्हणाली. "गार केलेला."

थाक काकांच्या हातातली कोंबडीची तंगडी हातातच राहिली. "मावशी! इतकी वर्षं आम्ही तुझ्याशी पैजा लावून हरलो!"

"मग काय करू? रोज वीस जणांचा मान राखत बसले असते तर नवऱ्याच्या शेजारीच जागा घ्यावी लागली असती."

मला हे ठाऊक होतं, मित्रांनो. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुमचीही मला पुरती खात्री नव्हती.

मावशी खाली बसली. तिचे डोळे भरले होते, आणि या वेळी समोर कुठलीही मालिका नव्हती. "थांबता येत नाही, एवढं एक वाक्य माझा नवरा मरेपर्यंत बोलला नाही," ती म्हणाली. "मी वाट बघितली रे त्याची. घे, पी."

पिल-ग्यूनं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि मान माझ्याकडे वळवली.

"तिकडे कुठे वळतोस?" मावशी कडाडली. "इकडे बघ. माझ्याकडे बघून पी. माझ्या घरात यायचं असेल तर यापुढे असंच प्यायचं, जावईबापू."

तो वळला आणि तिच्या डोळ्यांत बघत घटाघटा प्यायला. मला त्याचा फक्त कान दिसला.

लग्नानंतर जावयानं सासूला नवा, चपटा, लांबरुंद टीव्ही भेट दिला. सगळे वा वा म्हणाले. साक्षीदाराला बाजूला करायचा हा डाव असावा असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. आता मी मागच्या मुदपाकखान्यात, मुळ्याच्या लोणच्याच्या डब्यांशेजारी असतो. माझ्या चित्रात एक हिरवी रेघ आली आहे. माझी काच कुणी पुसत नाही, तेलाचा थर साचलाय.

जुन्या वस्तू जपा, पुसा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. जपा बापडे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, मानाच्या जागी बसाल, कुणाच्या तरी हातात आग्रहानं पेला द्याल. तेव्हा त्याला तुमच्या तोंडावर नको म्हणता येईल असे वागा. नाही म्हणायची सोय नसली की माणूस मान फिरवतो, आणि मग त्याचा चेहरा बघायला माझ्यासारखं एखादं यंत्रच उरतं.